बोगदा झाला म्हणून हिवाळ्यात कांदा घेऊन श्रीनगरला निघताय? आधी रामबनचं ऐका

ट्रान्सपोर्टवाल्यानं बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात देताना सांगितलं होतं, "आता बोगदे झाले भाऊ, पूर्वीसारखं राहिलं नाही. सहाव्या दिवशी श्रीनगरला परिंपोऱ्याच्या मंडईत गाडी खाली." खाली झाली बाराव्या दिवशी. दहाचाकी गाडी, १८ टन कांदा, ३६० गोण्या आणि सोबत पहिल्यांदाच लांबच्या भाड्यावर आलेला भाचा.

पिंपळगाव ते जम्मू लिहीत बसत नाही. चार दिवस, रस्ता चांगला. बिजासनच्या घाटात नेहमीचं जाम, अंबाल्यापुढं सकाळी धुकं. ज्याला हे जमत नाही त्यानं पुढचं वाचूच नये.

बोगदे झाले हे खोटं नाही. जम्मूहून श्रीनगरच्या रस्त्यावर चेनानी-नाशरीचा सव्वानऊ किलोमीटरचा बोगदा २०१७ पासून चालू आहे, त्यानं पटनीटॉपचा बर्फ चुकतो. बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा २०२१ ला उघडला, त्यामुळं वरच्या जुन्या जवाहर बोगद्याची चढण गेली. पण गाडी अडकते ती या दोन बोगद्यांच्या मधे, आणि ते सांगायला कुणी तयार नसतं. रामबन ते बनिहाल, पस्तीस-छत्तीस किलोमीटर. आम्हाला त्याला तीन दिवस लागले.

मी घरून बर्फाची भीती घेऊन निघालो होतो. रामबनला बर्फ नव्हताच, पाऊस होता. गाव चिनाबच्या काठी, खाली खोलात आहे. वरच्या बनिहालला बर्फ पडतो तेव्हा इथं पाऊस पडतो, आणि त्या पावसानं डोंगर सुटून रस्त्यावर येतो. तिकडचे ड्रायव्हर त्याला पस्सी म्हणतात. मेहर, कॅफेटेरिया मोड, दिगडोल, खूनी नाला, मगरकोट ही नावं पाठ करून ठेवा, कारण पुढचे सगळे निरोप याच नावांनी येतात: "मेहर खुली, दिगडोल बंद." पंथ्याल हे त्यातलं सगळ्यात बदनाम ठिकाण. वरून दगड सुटायचे. तिथं २०२३ मधे आठ-नऊशे मीटरचा बोगदा झाला आणि तेवढी एक जागा सुटली. बाकीच्या जागा आहेत तिथंच आहेत.

उधमपूरच्या अलीकडं जखनीला आम्हाला थांबवलं. तीन रात्री. पोलिसांवर वैतागून उपयोग नाही. अवजड गाड्या बऱ्याचदा एक दिवस वर, एक दिवस खाली अशाच सोडतात, आणि रस्ता बंद पडला की आधी अडकलेल्या, मग छोट्या, मग आपण. संध्याकाळी ट्रॅफिक पोलिसांची दुसऱ्या दिवसाची सूचना निघते, ती स्वतः फोनवर बघा. ढाब्यावर बसून ऐकलेल्या बातमीवर मी एकदा गाडी लाईनमधे काढली आणि फुकट जागा घालवली. आणि हो, आपलं महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरच्या हद्दीवरचा लखनपूरचा पूल ओलांडला की बंद. पोस्टपेड लागतं. भाच्याचा फोन पुढचे सगळे दिवस फक्त गाणी वाजवायला होता.

चौथ्या दिवशी सोडलं. मागच्या सरदारजीनं सांगितलं होतं, "पाजी, आसमान देख लो, यहीं रुक जाओ." मी नाही ऐकलं. कांदा सडतोय, भाडं फिक्स, घरून फोन. नाशरीच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा भुरभुर होती. रामबनचा पूल ओलांडेपर्यंत वायपर फुल स्पीडला. दिगडोलच्या अलीकडं पुढच्या गाडीचे ब्रेक लाईट लागले ते दोन रात्री विझले नाहीत असंच म्हणा.

एका बाजूला कापलेला ओला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नाला. गाडी वळवायला जागा नाही, संडासाला जागा नाही. रात्री वरून खडी सुटली की आधी बारीक आवाज येतो, पत्र्यावर मूठभर तांदूळ टाकल्यासारखा. मग शांत. मग धाडकन एखादा मोठा. तीन गाड्या पुढं एकाच्या केबिनची काच गेली, तो शेजारच्या गाडीत झोपला होता म्हणून वाचला. लाईनमधे थांबायची वेळ आलीच तर कापलेल्या डोंगराखाली थांबू नका, पुढं गॅप पडली तरी पडू द्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

त्यापेक्षा माझं साधं मत: रामबनला पाऊस असेल तर जखनी सोडायची नाही. पोलिसांनी सोडलं तरी नाही. जखनीला ढाबा आहे, पंक्चरवाला आहे, झोप लागते. रामबनच्या अलीकडच्या चंदरकोटच्या पुढं यातलं काही धड मिळत नाही.

खाण्याचं बोलतो. त्या लाईनमधे कोऱ्या चहाचे पन्नास रुपये, राजमा-चावलच्या प्लेटीला अडीचशे. दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर तीनशे. पाण्याच्या बाटलीवर छापलेली किंमत खरवडून टाकलेली होती, इतकी मेहनत. स्टोव्ह, पीठ, डाळ आणि वीस लिटर पाणी घेऊन निघा, नाही तर बोलू नका. पण त्याच संध्याकाळी वरच्या घरातून एक म्हातारे चाचा समोवार, म्हणजे निखाऱ्यावरची चहाची किटली, घेऊन उतरले आणि लाईनभर गुलाबी नून चहा वाटला. पैसे पुढं केले तर हात मागं घेतला. चहात मीठ होतं. भाच्यानं तोंड वाकडं केलं, मी त्याला डोळे दाखवले, मग तो दुसरा कप मागून प्यायला.

स्टोव्ह म्हटलं म्हणून सांगतो, तो बाहेर पेटवायचा. दुसऱ्या रात्री भाच्यानं शंभर रुपयांना निखाऱ्यांची कांगडी, म्हणजे वेताच्या टोपलीतली शेगडी, आणली आणि काचा बंद करून पायाशी ठेवली. मी आधीच झोपलो होतो. पहाटे लघवीला जाग आली तर डोकं शिशासारखं जड, पाय उचलेना. भाच्याला हाक मारतोय तर तो नुसतं "हं मामा, हं मामा" करतोय, उठत नाही. कसंबसं दार उघडलं आणि दोघं चिखलात पडलो. कांगडी, शेगडी, गॅस, काहीही बंद केबिनमधे नको. कोळशाच्या वायूला वास नसतो, कळत नाही. दोन घोंगड्या जास्त घ्या. मला बहिणीला काय तोंड दाखवायचं हा विचार पुढं शंभर किलोमीटर डोक्यातून गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेसीबीनं वाट केली. दिगडोल ते बनिहाल पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे, रामसूनंतर बर्फ सुरू. इथं एक चूक सगळे घाटवाले करतात, मीही केली. आपल्याला कसारा उतरायची सवय, लगेच एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा. बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक दाबला की मागची चाकं एकदम धरतात आणि गाडी आडवी व्हायला बघते. बंद ठेवा. खालचा गिअर, क्लच दाबायचा नाही, ब्रेकला नुसता पाय टेकवत राहायचं.

आणि आता चेन, बर्फात घसरू नये म्हणून चाकांवर चढवतात ती. बनिहालच्या पुढं चेनशिवाय सोडेनात. माझ्याकडं नव्हती. एका दुकानदारानं भाड्यानं दिली, जोडीचे ३,००० आणि डिपॉझिट ६,०००. काझीगुंडच्या बाजूला त्याचा माणूस परत घेणार. भाडं फक्त बोगद्यापलीकडं जाण्याचं, वीस किलोमीटरसुद्धा नाही! त्यानं स्वतः मागच्या चाकांना चढवून दिली आणि म्हणाला, काढू नका, पलीकडंही लागेल. बोगदा कोरडा. साडेआठ किलोमीटर कोरड्या कडक रस्त्यावर चेन आपटत राहिली, मधेच फाटकन आवाज झाला. दोन कड्या तुटल्या होत्या आणि सुटलेल्या तुकड्यानं मडगार्ड फाडलं. त्याच्या माणसानं कड्या बघितल्या, फोन लावला, डिपॉझिट जप्त. चेन माझ्या गळ्यात. त्या दुकानदाराला कोरड्यात चेन तुटते हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. जम्मूला नरवालच्या ट्रान्सपोर्टनगरमधे विकत घ्या, तिथंच दोनदा चढवून-उतरवून बघा. बोगद्याच्या तोंडाशी काढायची, पलीकडं लागली तर परत लावायची. वीस मिनिटं जातात, हात गारठतात, पण ९,००० वाचतात.

काझीगुंडला रात्र काढली. चिल्लई कलां चालू होतं, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. सकाळी उणे सहा. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. फिल्टर खोलला तर डिझेल पिवळट, घट्ट, तुपासारखं. आपल्या साध्या डिझेलमधे मेण न धरण्याची हमी नियमाप्रमाणं हिवाळी मालाला ६ अंशांपर्यंत, उन्हाळी मालाला १८. उणे सहाचं कुणी बोललेलंच नाही. शेजारच्यानं टाकीखाली टायरचा तुकडा पेटवला, मी भाच्याला घेऊन पन्नास पावलं लांब जाऊन उभा राहिलो. आम्ही फिल्टरला गोणपाट गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतत राहिलो. दीड तास. बोटांना काही कळत नव्हतं, पाना हातातून दोनदा बर्फात पडला.

म्हणून जम्मूलाच नवा डिझेल फिल्टर टाका आणि एक जवळ ठेवा. सेपरेटरमधलं पाणी तिथंच काढा, तेच आधी गोठतं. टाकी भरलेली ठेवा. रात्री दर दोन-तीन तासांनी इंजिन पंधरा मिनिटं चालवा, डिझेल जळतं म्हणून कुरकुर करू नका. ब्रेकच्या एअर टँकमधलं पाणी रोज संध्याकाळी सोडा, नाही तर सकाळी हवाच भरत नाही. सपाट जागा असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमधे टाका आणि चाकांना दगड लावा, ब्रेकचे ओले लायनर ड्रमला चिकटतात. ॲडब्लूची, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या पाण्याची, मात्र उगाच भीती घालतात. ते उणे अकराला गोठतं, आम्हाला काही झालं नाही. लडाखला जाणाऱ्यांनी ती काळजी करावी.

काझीगुंड ते श्रीनगर दोन तास. बर्फातली चिनारं-बिनारं भाच्याच्या फोनमधे आहेत. परिंपोऱ्याला ३६० पैकी २२ गोण्या भिजलेल्या निघाल्या, ताडपत्री डोंगराच्या खडीनं फाटली होती. व्यापाऱ्यानं त्यांचे पैसे कापले. त्याचंही चुकलं नाही, गारठलेला कांदा दोन दिवसांत पाणी सोडतो. येताना लासीपोराच्या कोल्ड स्टोअरचं सफरचंद वाशीला भरलं. ते भाडं चांगलं होतं आणि रस्ताही उघडा मिळाला, सांगण्यासारखं काही नाही.

खरा हिशोब हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी अडकून उभी राहिली त्या दिवसांच्या पैशांचा. आमच्या बिल्टीवर तो रकाना कोरा होता. आता ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "पस्सी म्हणजे देवाची करणी, तिचं कसलं हॉल्टिंग?" तेव्हा गाडी लोड व्हायच्या आधी लिहून घ्या: जम्मू सोडल्यावर चौथ्या दिवसापासून रोजचे इतके, कारण काहीही असो. सही-शिक्क्यासह. नाही म्हणाला तर गाडी रिकामी उभी करा, खरंच सांगतो, घरी उभी गाडी दिगडोलच्या लाईनपेक्षा स्वस्त पडते. शिवाय २०२५ पासून अनंतनागपर्यंत मालगाडी जायला लागली आहे. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमधे उधमपूरकडं रस्ता वाहून गेला आणि सफरचंदाचे ट्रक कित्येक दिवस उभे राहिले, तेव्हा फळवाले रेल्वेकडं वळले. फेब्रुवारीपर्यंतचं भाडं रेल्वेनं नेलं तर मला तरी वाईट वाटणार नाही. मार्चनंतर मी परत जाईन.

चेन माझ्या शेडमधे पडली आहे. दोन्ही कड्या वेल्डिंग करून घेतल्या आहेत. दहाचाकीच्या मागच्या चाकांना बसते. आपल्या भागातलं कुणी जानेवारीत वर जात असेल तर घेऊन जा, भाडं नको. फक्त बोगद्याच्या आधी काढा आणि परत आणून द्या.