सर्व्हर बदलताना खाते क्रमांकांचा क्रम

निपाणी भागातील एका पतसंस्थेच्या कार्यालयातील सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. त्यावर सेंटओएस 7 ही लिनक्स कार्यप्रणाली चालत होती. तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची मुदत 30 जून 2024 रोजी संपली. त्यानंतर शेतकऱ्यांच्या ठेवींचा हिशोब त्या यंत्रावर ठेवणे मला पटेना.

तिच्या जागी डेबियन 12 आणि अल्मालिनक्स 9 या दोन लिनक्स प्रणालींवर मी बराच विचार केला. डेबियनबद्दल मला मनापासून आदर आहे; परंतु जून 2023 मध्ये आलेल्या त्या आवृत्तीची दीर्घकालीन मुदतही 2028 मध्येच संपते, तर अल्मालिनक्स 9 ला 2032 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. वर्षातून एखादाच रविवार मोकळा मिळणाऱ्या कार्यालयात ही चार वर्षे फार मोलाची आहेत. शिवाय संस्थेचे हिशोबाचे सॉफ्टवेअर सेंटओएसच्याच घराण्यातील प्रणालीवर तपासलेले होते.

म्हणून मी अल्मालिनक्स निवडली. सेंटओएस 7 वरून थेट अल्मालिनक्स 9 वर जाता येत नाही. वाटेत 8 चा मुक्काम करावाच लागतो. हे टाळून मी नव्या डिस्कवर नवी प्रणाली बसवली आणि जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात ठेवली, म्हणजे काही बिघडलेच तर सोमवारी सकाळी काउंटर उघडण्यापूर्वी परत फिरता आले असते.

खरी काळजी माहितीची होती. चाचणीच्या यंत्रावर मी पोस्टग्रेस्क्यूएलची, म्हणजे खात्यांची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसची, माहितीची फोल्डर सरळ उचलून नेली, तेव्हा काही खाती शोधूनही सापडेनात. सर्व प्रोग्राम ज्यावर चालतात त्या प्रणालीच्या मूळ ग्रंथालयात (लायब्ररीत), म्हणजे जीलिबसीमध्ये, 2.28 या आवृत्तीपासून अक्षरे आणि चिन्हे यांचा क्रम बदलला आहे. पूर्वी ‘11’ हे ‘1-1’ च्या आधी येत असे, आता ‘1-1’ आधी येते. आमचे खाते क्रमांक शाखा, आडवी रेघ आणि अनुक्रमांक असे लिहिलेले असतात. खाते पटकन सापडावे म्हणून डेटाबेस क्रमाने लावलेली सूची (इंडेक्स) ठेवतो; जुन्या क्रमाने रचलेल्या सूचीत नवी प्रणाली भलत्याच जागी शोधते, खाते नाही असे सांगते, आणि मग त्याच क्रमांकाची दुसरी नोंदही बिनतक्रार स्वीकारली जाऊ शकते. पडद्यावर एकही त्रुटी दिसत नाही, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

म्हणून फोल्डर न हलवता मी जुन्या यंत्रावरील माहिती पोस्टग्रेस्क्यूएलच्याच पीजी-डम्प या साधनाने काढली आणि नव्या यंत्रावर भरली; त्यामुळे सर्व सूची नव्या क्रमाने पुन्हा तयार झाल्या. क्रम कधीच बदलू नये म्हणून सर्वत्र ‘सी’ हा क्रम, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या संकेतांकानुसार लागणारा क्रम, वापरावा, असे काही जण सुचवतात. खाते क्रमांकांसाठी मी तो स्वीकारला. नावांसाठी मात्र नाही, कारण त्या क्रमात ळ हे व च्या आधी येते आणि ‘काळे’ हे ‘कावळे’ च्या वर छापले जाते, तर आपल्या वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर आहे. यादीवर बोट फिरवत नाव शोधणाऱ्या वयस्कर सभासदांसाठी ही बाब लहान नाही.

रविवारी रात्री प्रत्येक शाखेतील खात्यांची संख्या आणि एकूण शिल्लक जुन्या यंत्राशी ताडून पाहिली, दोन्ही जुळल्या. पुढच्या वेळी प्रणाली बदलेल तेव्हा नावांची सूची पुन्हा बांधावी, अशी सूचना मी अल्मालिनक्स 9 ची मुदत संपण्याच्या 31 मे 2032 या तारखेसह कार्यालयाच्या नोंदवहीत मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवली आहे.