आधी चाकं, मग रूळ

आमच्याकडे छोट्या मॉडेल रेल्वेच्या रुळांची मोठी सफाई गणपती गेल्यावर होते. दहा दिवस रूळ बसवलेला प्लायवूडचा बोर्ड कपाटामागे उभा असतो. धूप, कापूर, उदबत्ती, त्यात स्वयंपाकघरातली मोदकांची आणि फोडणीची वाफ. वर श्रावण-भाद्रपदाची दमट हवा. बोर्ड आडवा करून इंजिन सोडलं की ते हात-दीड हात जातं, आचका देतं, दिवा मिचकावतं आणि थांबतं. बोटाने ढकललं की पुन्हा चालू.

अशा वेळी बरेच जण झीरो नंबरचा पॉलिशपेपर काढतात. कृपा करून तो परत ड्रॉवरमध्ये ठेवा. कागदाने रूळ लगेच चकाकतात खरे, पण डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्या ओरखड्यांत ठाण मांडून बसतो. मग आणखी घासा. एचओचा (मॉडेल रेल्वेच्या १:८७ या मापाचा) रूळ म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलची बारीकशी पट्टी, ती किती झिजवणार?

मुळात चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा मोहरीच्या दाण्याहूनही लहान. इंजिनाची सगळी वीज तिथूनच जायची. मधे तेलकट धुळीचा थर आला की संपर्क तुटतो-जुळतो, बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांनी काळेपणा वाढतो. साध्या डीसीवर इंजिन नुसतं आचके देतं. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल पद्धतीत, इंजिनाला द्यायचा हुकूमही त्याच दोन रुळांतून जातो, त्यामुळे क्षणभर वीज गेली तरी तो हुकूम वाचणारा इंजिनातला डिकोडर सगळं विसरून नव्याने सुरू होऊ शकतो.

माझा आग्रह एवढाच, की आधी चाकं पुसा. रूळ लख्ख करून त्यावर मळक्या वाघिणी फिरवल्या, तर संध्याकाळपर्यंत सगळं पहिल्यासारखं. प्लॅस्टिकची चाकं याबाबतीत सर्वांत वाईट: त्यांच्या कडेला काळा चिकट थर जमतो आणि ती तो गावभर वाटत फिरतात. जमेल तशी मी ती बदलून धातूची बसवतो आहे. तोवर लाकडी टूथपिकने थर खरवडायचा आणि इअरबडने पुसायचं.

इंजिनासाठी किचन टॉवेल. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. त्याने कागद जेमतेम ओलसर करून रुळांवर आडवा टाकायचा, एका बोगीची (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याची) चाकं कागदावर, दुसऱ्या बोगीची उघड्या रुळावर. इंजिन हाताने धरून वीज द्यायची. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळे पट्टे उमटतात. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. रबरी टायर असलेल्या चाकांना जपून, आणि आयपीए रंगावर उडू द्यायचं नाही. खिडकी उघडी हवी, देवघरातली समई विझलेली हवी.

रुळांना आयपीए की टर्पेंटाइन, यावर शौकिनांत हमरीतुमरी चालते. टर्पेंटाइनने काळेपणा उशिरा येतो, असं त्या बाजूचं म्हणणं. मी जुन्या बनियनच्या तुकड्याने आयपीए फिरवतो आणि शेवटचा हात टर्पेंटाइनचा. वासाबद्दल घरचे काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

१९९८ साली सुरू झालेल्या कोथरूडच्या भाऊ जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात गेलो की मुलं गाड्यांकडे बघतात आणि मी चाकांकडे. एवढा मोठा पसारा चालता ठेवायचा म्हणजे काय, ते ज्याने एक बोर्ड पुसला आहे त्यालाच कळेल.

सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, मात्र कापडाने होत नाहीत. सरकणारं पातं मुख्य रुळाला जिथे टेकतं, ती आतली बाजू इअरबडनेच पुसावी लागते. बऱ्याच सांध्यांत पुढची वीज तिथूनच जाते. सगळं वाळलं की चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन सर्वांत हळू सोडायचं. ते सांध्यांवरून न आचकता पार झालं, की डबे जोडायला हरकत नाही.