लॉरेल गल्लीतली संध्याकाळ

स्पेनची भटकंती: काल दोनोस्तिया (सान सेबास्तियान), आज लोग्रोन्यो शहर. पाय भरून आलेत, पण झोपण्याआधी हे लिहायचंच आहे.

इथली काये लॉरेल म्हणजे एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना नुसते बार. कित्येकांची ओळख एकेका पदार्थावर. बार सोरियानोत मशरूम. तव्यावर लसूण-तेलात उलट्या मांडलेल्या टोप्या, प्रत्येकीच्या वाटीत रस साचलेला. तीन टोप्या एकावर एक, माथ्यावर कोळंबी, तळाशी पाव, मधून काडी. आई मासे खात नाही. बिनकोळंबीचं मागितलं, त्यांनी लगेच दिलं. रसात भिजलेला पाव तिनं शेवटी ठेवला होता. म्हणाली, "लसूण कुठवर परतायचा ते यांना बरोबर कळतं गं."

एका ठिकाणी एकच पदार्थ, एक छोटा ग्लास रियोहा (इथली वाइन), की पुढचं दार. बसून जेवायचा हट्ट धरू नका, खरी मजा उभ्याउभ्याच आहे.

दोनोस्तियातली गिल्डाही (ऑलिव्ह, खारवलेला अँचोव्ही, लोणच्यातली हिरवी मिरची) मला फार आवडली. तिथल्याच ला विन्या बारचं वरून करपवलेलं चीजकेक तर आईनं दोनदा मागवलं! तरी एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर मी लोग्रोन्योच म्हणेन.

दुपारी लाग्वार्दियाला गेलो होतो. टेकडीवरचं तटबंदीचं गाव, पोटात वाइनची तळघरं, म्हणून आत गाड्यांना बंदी. तळघरात उतरल्यावर भिंतीला हात लावला, गार आणि ओलसर.

उद्या आरो गाव. तिथं रेल्वे स्टेशनाजवळच जुन्या वाइनरींची दाटी आहे. कोणी जाऊन आलं असेल तर दुपारचं कुठे जेवायचं ते सांगा, आईसाठी शाकाहारी काही मिळेल असं.