बसथांबा आणि जांभळा उजेड

आज लिव्हरपूलमध्ये मुसळधार पाऊस, त्यात बस चुकली. थांब्यामागच्या टॅनिंग सलूनच्या, म्हणजे दिव्यांखाली झोपून कातडी सावळी करून घ्यायच्या दुकानाच्या, छपराखाली उभी राहिले. दार उघडलं की आतून जांभळा उजेड आणि खोबऱ्याचा वास. दोन मुली आत शिरल्या. शाळेचा ब्लेझर पिशवीत कोंबलेला, पण एक बाही बाहेर लोंबत होती! काउंटरवरच्या बाईने ओळखपत्र मागितलं. दोघी पुटपुटत परत फिरल्या.

इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालच्यांना सनबेड, म्हणजे हा दिव्यांचा पलंग, बंद आहे. बरं वाटलं. पण वाढदिवस झाला की कातडी काय पत्र्याची होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्येच सनबेडला कर्करोगाचं कारण म्हणून तंबाखूच्या पंगतीत बसवलं. ब्राझीलने त्याच वर्षी सरसकट बंदी घातली, ऑस्ट्रेलियातली सलूनंही नंतर बंद झाली. इथे मात्र अजून मिनिटांच्या हिशेबाने विक्री.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "काळं व्हायला पैसे मोजतात?" आणि हीच बाई मी उन्हातून खेळून आले की हळद-बेसन घेऊन मागे लागायची. आठवण करून दिली, तर फोन बाबांकडे दिला.