घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड माझ्याकडेच राहील

आमच्या घरी कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चार. मी घरूनच लोकांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीची कामं करते, मुलगा गेम खेळतो (अभ्यासही करतो म्हणे), मामाजी कीर्तनं आणि क्रिकेट बघतात, आणि रेल्वेचं तिकीट काढायचं असलं की नवराही येऊन बसतो. एवढी माणसं वापरतात तर व्हायरस कसा येत नाही, असं नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या शेजारणी मला विचारतात. मी म्हणते, तो आपणहून फारसा येत नाही हो, आपणच "यस" दाबून त्याला आत घेतो.

म्हणून माझा पहिला नियम अँटीव्हायरसचा नाहीच, खात्यांचा आहे. नव्या मशीनवर विंडोजचं पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं बनतं आणि बहुतेक घरी सगळे त्याच खात्यात जन्म काढतात. मग कुठलाही प्रोग्राम उघडून "यस" म्हटलं की अख्खं मशीन त्याच्या ताब्यात. मी सेटिंग्जच्या अकाउंट्समध्ये जाऊन प्रत्येकाला वेगळं स्टँडर्ड खातं करून दिलं. माझं रोजचं खातंही स्टँडर्डच. ॲडमिनचं खातं बाजूला ठेवलं आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे.

आता काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की पासवर्डची चौकट येते आणि मला स्वयंपाकघरातून बोलावणं येतं.

"आई, पासवर्ड टाक ना, एक मिनिट लागते."

"कशाला?"

"गेमचा क्रॅक आहे, पैसे न देता खेळायचा. आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणते तो."

चोरानं फाटकातूनच सांगावं, कुत्रं बांधून ठेवा, मग येतो! एवढं कळायला कॉम्प्युटर इंजिनिअर कशाला व्हावं लागते? फुकटचा गेम, फुकटचं फोटोशॉप, फुकटचा विंडोज ॲक्टिव्हेटर, सगळ्यांची पहिली अट हीच असते. पोट्टं दोन दिवस फुगून बसलं. बसू दे.

तरी स्टँडर्ड खात्यानं सगळं भागतं असं कोणी समजू नये. पासवर्ड चोरणाऱ्या बऱ्याच प्रोग्रामांना ॲडमिनचा हक्क लागतच नाही. तुमच्या खात्यात चालले की तुमच्या फायली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्यांना मिळतात. म्हणून बँकेचा आणि जीएसटी पोर्टलचा पासवर्ड मी ब्राउझरला कधी लक्षात ठेवू देत नाही, आणि मेलला दुसरं कुलूप म्हणून ओटीपी लावलेला आहे.

माझ्याकडे सगळ्यात जास्त धोका येतो तो पेनड्राइव्हवर बसून. दुकानदार टॅलीचा बॅकअप आणतात, आणि तोच पेनड्राइव्ह आदल्या दिवशी कुठल्यातरी झेरॉक्सवाल्याकडे लागलेला असतो. कॉलेजांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात परीक्षेच्या दिवसांत एका कॉम्प्युटरला दिवसभर किती पेनड्राइव्ह लागत असतील, विचार करा.

एक गृहस्थ असाच घेऊन आले. "मॅडम, फोल्डर काहून उघडून नाही राहिलं बघा." पाहिलं तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटासा बाण. म्हणजे ते फोल्डर नव्हतंच, शॉर्टकट होता. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटची ओळ वाचली. तिथं फोल्डरच्या नावाआधी एक स्क्रिप्ट चालवायची आज्ञा लिहिलेली. या व्हायरसची गंमत अशी, की खरे फोल्डर तो लपवतो, त्यांच्या नावाचे शॉर्टकट बनवतो, आणि तुम्ही क्लिक केलं की आधी स्वतः चालतो आणि मग तुमचं फोल्डरही उघडून देतो. त्यामुळे बहुतेकांना पत्ताच लागत नाही. या गृहस्थांचं फोल्डर उघडलं नाही हे त्यांचं नशीबच. डेटा गेलेला नसतो, नुसता लपलेला असतो. लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू केला की सापडतो. न सापडल्यास खालचा "सिस्टीम फायली लपवा" हाही टिक काढायचा.

तिथंच आणखी एक टिक असते, ओळखीच्या फायलींचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागची शेपटी, लपवणारी. ती मी प्रत्येक मशीनवर काढून टाकते. ती असली की "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" ही फाइल, जी खरं तर एक प्रोग्राम आहे, साळसूदपणे "बिल डॉट पीडीएफ" दिसते.

मामाजींची तऱ्हा वेगळी. त्यांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात सारखं यायचं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, ताबडतोब क्लिक करा. लाल रंग, नामांकित अँटीव्हायरसचं चिन्ह, सगळं कसं खऱ्यासारखं. त्यात व्हायरस कुठलाच नव्हता. क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या एका साइटनं नोटिफिकेशनची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून ती परवानगी काढली, कटकट संपली. त्या खिडकीवर दिलेल्या नंबरवर त्यांनी फोन केला नाही, हे बरं. तिथून खरी लूट सुरू होते.

आणि मे महिन्यात कॉम्प्युटर हळू झाला की व्हायरस म्हणून ओरडू नका. नागपुरात पारा 45 च्या वर गेला की डब्यातला पंखा जीव तोडून फिरतो, प्रोसेसर तापला की आपला वेग आपणच कमी करतो. त्यात कूलरसमोर ठेवलेलं मशीन असेल तर ओल आणि धूळ मिळून आत थर जमतो. आधी ब्रशनं साफ करा.

अँटीव्हायरस कोणता घ्यावा? बर्डीच्या बाजारातून मशीन आणताना दुकानदार एखादी डबी बिलात जोडतोच. हवी तर घ्या. पण विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी मला पुरेसा वाटतो. दोन अँटीव्हायरस एकत्र मात्र पळवू नका. अपडेटचं महत्त्व त्याहून जास्त. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभर फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जुनं मशीन विंडोज 11 घेत नसेल तर घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी आहे, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच्या अपडेटची.

बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात. जोडलेली ठेवली तर फायली कुलूपबंद करणारा व्हायरस तीही बंद करतो.

आणि शंका आलीच तर आधी नेट काढा. मग विंडोज सिक्युरिटीमधला ऑफलाइन स्कॅन चालवा. तो मशीन पुन्हा सुरू करून विंडोज उठण्याआधी तपासतो, त्यामुळे लपलेल्यांना लपायला वाव कमी राहतो. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, लगेच फोन करा, उद्यावर नको. आणि फॉरमॅटच करायची वेळ आली, तर टॅलीवाल्यांनो, मशीन उघडत असेपर्यंत आधी लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या. नाहीतर नव्या विंडोजवर ते अडून बसतं, आणि नेमकी जीएसटी रिटर्नची 20 तारीख समोर असते.