शनिवारी आलेला बोन मॅरो

शनिवारी यंत्र बंद करायच्या बेतात असताना सहा वर्षांच्या मुलीचा बोन मॅरो आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: बी-एएलएल, केमो संपून काही महिने, स्लाइडवर ब्लास्टसारख्या पेशी 12 टक्के, रिलॅप्स? म्हणजे, बी-पेशींचा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) परत आला का? ब्लास्ट म्हणजे त्याच्या न पिकलेल्या पेशी.

फ्लो सायटोमेट्रीत आम्ही पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर आणि इतर प्रथिनं चमकत्या अँटिबॉडीनं ओळखतो; सीडी आणि पुढे आकडा अशी त्यांची नावं. पहिल्या नजरेत चित्र वाईटच होतं. बी-पेशींची खूण सीडी19 आहे, सीडी10 आहे, काहींवर अगदी कोवळ्या पेशींचं सीडी34 सुद्धा. शेजारी बसलेली शिकाऊ मुलगी म्हणाली, "सर, परत आलाच ना?"

पण सीडी10 पाहून घाबरायचं नसतं. 1970च्या दशकात ते ल्युकेमियाचं खास प्रथिन मानलं गेलं. पुढे निरोगी मॅरोतल्या कोवळ्या बी-पेशींवर, इतकंच काय, पिकलेल्या न्यूट्रोफिलवरही सापडलं. केमोनंतर मॅरो सावरतो तेव्हा अशा कोवळ्या पेशी, म्हणजे हेमॅटोगोन, लहान मुलांत भरपूर वाढतात. स्लाइडवर त्या ब्लास्टसारख्याच दिसतात.

सीडी10 आणि सीडी20 (बी-पेशी पिकत जाते तसं चढणारं प्रथिन) यांचा प्लॉट, म्हणजे आलेख, काढला आणि मी खुर्ची पुढे ओढली. वळणदार पट्टा! सगळ्यांत कोवळ्या पेशींवर सीडी34, सीडी10 लखलखीत, सीडी20 नाहीच, सीडी45 फिकं. मग सीडी34 जातं, सीडी10 थोडं उतरतं, सीडी20 हळूहळू चढतं, सीडी45ही वाढतं. शेवटी सीडी10 मावळतं आणि सीडी20 पूर्ण उजळतं. मधली एकही पायरी गाळलेली नाही. ल्युकेमियाच्या पेशी बहुधा एकाच पायरीवर अडकून प्लॉटवर घट्ट पुंजका करतात. त्यांचं सीडी38 अनेकदा उतरलेलं आणि सीडी58 चढलेलं असतं. इथे सीडी38 ठळक, सीडी58 कमी.

तरी हात आखडला. अशा पट्ट्याच्या आड थोड्या वाईट पेशी लपू शकतात, आणि अशा उपचारानंतर उरलेल्या पेशी (एमआरडी) शोधायची आमची रेघ 0.01 टक्क्याची, म्हणजे 10,000 पेशींत एक. वॉर्डातून तिचा निदानाच्या वेळचा रिपोर्ट मागवला. तेव्हाच्या ब्लास्टवर सीडी66सी होतं. निरोगी कोवळ्या बी-पेशींवर ते कधी येत नाही. उरलेल्या नमुन्यात ती अँटिबॉडी घालून 10 लाखांहून जास्त पेशी मोजल्या. बी-पेशींत सीडी66सी असलेला पुंजका कुठेच नव्हता.

रिपोर्टमध्ये "हेमॅटोगोन वाढलेले, एमआरडी आढळली नाही" असं लिहून मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बरं झालं कळवलंत. सोमवारची भरती रद्द करतो."