स्टिअरिंगची टकटक आणि १८,६०० रुपयांचं एस्टिमेट

एस्टिमेटच्या कागदावर ‘स्टिअरिंग रॅक असेंब्ली – १ नग’ एवढंच लिहिलेलं. म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा अख्खा संच. लेबर, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं), टॅक्स धरून १८,६०० रुपये. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक. तक्रार एवढीच की खड्ड्यातून गेली की पुढून टकटक येते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग थोडं सैल लागतं. अमळनेर-चोपडा-धरणगाव अशी कायम फिरणारी गाडी, त्यात वावगं काही नाही.

जळगावच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी आत घेणं, जॉब कार्ड, चहा, सगळं झटपट झालं. घोडं अडलं ते काउंटरवर. मी विचारलं, नेमकं काय गेलंय?

“सर, रॅकमध्ये प्ले आहे.”

प्ले म्हणजे ढिलेपणा. पण रॅकमध्ये म्हणजे कुठे? आतल्या दांड्यात, त्याला धरणाऱ्या बुशमध्ये, की टोकाच्या सांध्यात, म्हणजे एंडमध्ये?

“सर, सेफ्टीचा विषय आहे.”

या एका वाक्यावर माझा अजून राग आहे. सेफ्टीचा विषय आहे म्हणूनच तर विचारतोय ना! पण हे वाक्य आलं की गिऱ्हाईक गप्प बसतं, हे त्यांना पाठ झालंय. म्हटलं, गाडी लिफ्टवर आहे तोवर मला खालून दाखवा. तर कस्टमरला वर्कशॉपमध्ये सोडत नाहीत. काचेतून बघा म्हणे. काचेतून दिसत होती माझ्या गाडीची डिकी. एंड सुटा मिळतो का विचारलं, तर कंप्युटरवर काहीतरी बघून “आमच्याकडे असेंब्लीच येते.” मग फ्लोअर मॅनेजरला बोलवा. ते जेवायला गेलेले. जेवून आले आणि तेच वाक्य पुन्हा, फक्त ‘सर’ जरा जास्त वेळा. पार्ट पुण्याहून मागवावा लागेल, अर्धे पैसे आगाऊ भरा. आणि तोवर गाडी न्यायची असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय असं लिहून द्या.

लिहून दिलं, पण त्याच कागदावर ‘खराब पार्ट दाखवण्यास नकार दिला’ हेही लिहिलं. तेव्हा मात्र मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. पार्ट तरीही दाखवला नाहीच.

कागद घरी येऊन नीट वाचला. पार्टवर जीएसटी २८ टक्के लावलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के झालाय आणि हे एस्टिमेट दिवाळीनंतरचं. सिस्टिम अपडेट व्हायची राहिली असेल, पण माझ्या खिशातून. तुमच्याही कागदावर ती ओळ आधी बघा.

पुढचं काम धुळ्यात, पारोळा रोडच्या एका मिस्तरीकडे. गाडी हळूहळूच नेली. त्याने पुढचं चाक उचललं, डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवलं आणि मलाच हात लावायला सांगितलं. खटखट हाताला लागली. “एंड गयेल शे भाऊ, रॅकले काहीच व्हयेल नही.” एंडवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून आत काळी माती शिरलेली, तिने रॅक एंड खाल्लेला. माझ्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर वर कॉलमला, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्याला आहे, खाली रॅक साधाच. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघायचं, हेही त्यानेच दाखवलं.

बिल असं: दोन्ही रॅक एंड १,२४०, बाहेरचे टाय रॉड एंड (चाकाकडचे सांधे) ९६०, बूट ३८०, लेबर ८००, बाहेर अलाइनमेंट ४५०. एकूण ३,८३०. एंड बदलले की अलाइनमेंट करावीच लागते. त्यात काटकसर केली तर टायर जातात.

एक मात्र खरं, असेंब्ली बदलणं नेहमीच लूट नसते. रॅकचे दातच झिजले असतील किंवा काही गाड्यांत मोटर रॅकवरच असते ती गेली असेल, तर खर्च वीस-तीस हजारांत जातो आणि तिथे रस्त्याकडेचा जुगाड करू नये. “रॅक टाइट करून देतो, दोनशे द्या” म्हणणारेही भेटतात. टकटक थांबते, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं.

मिस्तरीकडे बसल्या बसल्या बाकी गाड्यांच्या स्टिअरिंगच्या कामाचेही भाव विचारून घेतले. मोटरसायकलचा कोनसेट (हँडलखालचं बेअरिंग) मजुरीसकट सहाशे-आठशे. रावेरकडे केळी वाहणाऱ्या मेव्हण्याच्या पिकअपला हायड्रॉलिक स्टिअरिंगचं ऑइल गळत होतं, त्याला सील किट आणि मजुरी मिळून साडेतीन हजार लागले. पंप गेला असता तर वेगळा. ट्रॅक्टरचे बॉल एंड (स्टिअरिंगचे सांधे) चार-पाचशेला एक, पण पॉवर स्टिअरिंगवाला असेल तर तेलाची गळती आधी बघा. ट्रकचं किंग पिनचं (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) काम बुशसकट सात-आठ हजारांच्या आत होत नाही, कारण दोन माणसं दिवसभर अडकतात.

इन्शुरन्समध्ये बसेल का, हे मी आधीच विचारलं होतं. नाही. झीज त्यात धरत नाहीत, अपघातात तुटलं तर गोष्ट वेगळी.

आणि हो, जुने पार्ट मागून घ्या. मिस्तरीने न मागता पिशवीत घालून दिले. सर्व्हिस सेंटरकडून अजून मेसेज येतात: ‘आपले एस्टिमेट मंजुरीसाठी प्रलंबित आहे.’ पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने घासलेत, ते सध्या मागे टाकलेत. त्यांचा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही.